तिने फक्त तारीख विचारली

आमच्याकडे माणूस मेला म्हणून फोनवर कोणी सांगत नाही. जरा सीरियस आहे, असं सांगतात. माझे वडील गेले तेव्हा मी नववीच्या वर्गात इंग्रजी शिकवत होते. धाकटा दीर शाळेच्या दारात येऊन म्हणाला, "वयनी, बाबांक जरा बरां नाय. म्हापशाच्या हॉस्पिटलात हाडलेत. चल बगू." मी पर्स उचलली आणि निघाले. थिवीला गाडी म्हापशाकडे न वळता कोलवाळच्या बाजूला वळली, म्हणजे सरळ पेडण्याला, माझ्या माहेरी. तेव्हाच मी काय ते समजले. दिराला विचारलं नाही, तोही बोलला नाही. घराच्या वळणावर वाड्यावरचे पुरुष खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते.

ह्याला आमच्याकडे कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. बाईमाणूस एकटं असताना, रस्त्यात किंवा बसमध्ये, तिच्या कानावर असं पडू नये. आधी तिच्या रक्ताचं कोणीतरी जवळ पोचावं, मग सांगावं. मी स्वतः हे काम तीन-चारदा केलं आहे आणि मला ते चांगलं जमतं. आवाज कापू द्यायचा नाही, तपशील द्यायचे नाहीत, लवकर ये एवढंच म्हणायचं. एरवी मी तोंडाची फटकळ. पालकांना तोंडावर सांगते की तुमचा मुलगा ढ नाही, आळशी आहे, आणि त्यात तुमचाही हात आहे. पण मरणाच्या बाबतीत मी गावच्याच वळणाची.

त्याच वळणाने मी सुदानमधल्या एका बाईशी बोलले. तिच्या पदरात दोन मुली होत्या आणि तिच्या गावात युद्ध चाललं होतं.

आमचा सुदानशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. लाटंबार्शाला सासरची थोडी भातशेती, डोंगराला काजू, आणि नवरा डिचोलीच्या खाणीवर मशीन चालवायचा. मशीन म्हणजे माती उपसायचं ते मोठं यंत्र. खाणी बंद पडल्या तेव्हा त्याच्याबरोबरचे कोण वास्कोला बंदरात लागले, कोणी टेम्पो घेतला, काही जण नुसते घरी बसले. नवराही वर्षभर घरी बसला आणि त्या वर्षात आम्ही जेवढे भांडलो तेवढे आधी कधी भांडलो नव्हतो. मग ओळखीतून सुदानची नोकरी आली. सोन्याची खाण, तीच मशीन, तेच काम. सोनं म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं मुलगा आता खिशात घालून आणील. मी म्हटलं, डिचोलीचं लोखंड तरी कुठे खिशात घालून आणलं होतं.

तिथे त्याला एक मित्र मिळाला. खाणीच्या स्टोअरचा इनचार्ज, तिथलाच माणूस, राहणारा ओमडुरमानचा, म्हणजे राजधानीच्या शेजारी नदीपलीकडचं शहर. सुट्टीत तो माझ्या नवऱ्याला घरी घेऊन जायचा. त्याची बायको शाळेत इंग्रजी शिकवायची. हे कळल्यावर आम्हा दोघींना एकमेकींच्या स्वाधीन करून ते दोघे अंगणात चहा पीत बसले. अशी आमची व्हिडिओ कॉलवरची ओळख. ती माझ्यासारखीच बडबडी, आणि मुलांच्या व्याकरणावर माझ्याएवढीच वैतागलेली. एकदा तिने तव्यावर काहीतरी घालताना दाखवलं. ज्वारीचं आंबवलेलं पीठ, पातळ पसरलेलं. सासूबाई माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाल्या, "ह्यो तर आंबोळ्यो. फकत जाळी पडूंक नाय." मी तिला ते इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, आईंना सांग, पीठ काल घाईत भिजवलं. तिची मोठी मुलगी बारा वर्षांची आणि धाकटी नऊची. धाकटी दर वेळी फोनमध्ये तोंड घालून मला गाय दाखव म्हणायची. आमची गाय कधीच विकली होती. मी शेजाऱ्यांची दाखवायचे.

रमजानचे शेवटचे दिवस होते तेव्हा त्या देशाचे दोन सेनापती एकमेकांवर उठले. दोघेही तिथलेच. कालपर्यंत दोघांची माणसं एकाच झेंड्याला सलाम ठोकत होती, आणि आता आपल्याच शहरात घरांवर तोफा डागत होती. आमच्याकडे काजूचा हंगाम ऐन भरात होता. सासूबाई आणि मी बोंडू पिळून बिया वेगळ्या करत होतो आणि टीव्हीवर धूर दिसत होता. नवऱ्याचा फोन चार दिवस लागला नाही. त्या चार दिवसांत गावातल्या निम्म्या लोकांनी येऊन मला धीर दिला. म्हणजे काय, तर टीव्हीवर काय-काय दाखवलं ते मला पुन्हा सांगितलं. शेवटी मी दार लोटून घ्यायला लागले.

पाचव्या दिवशी तिचाच मेसेज आला. सगळे निघालेत. माझा नवरा तुझ्या नवऱ्याला आणि आणखी तीन भारतीयांना कंपनीच्या पिकअपमधून पोर्ट सुदानला घेऊन चाललाय. तिथून तुमच्या सरकारची जहाजं आहेत. त्यांना सोडून तो आमच्याकडे येईल.

तसंच झालं. दीड दिवस गाडी हाकून त्याने चौघांना बंदरावर सोडलं, एक रात्र तिथे झोपला आणि शनिवारी सकाळी उलट वाटेला लागला, बायको-मुलींना आणायला. माझा नवरा जहाजातून, मग विमानातून, पुढच्या शुक्रवारी घरी पोचला. अंगावर दुसऱ्याच कोणाचा तरी शर्ट होता. दुसऱ्या दिवशी गावच्या मंडळाची माणसं शाल-नारळ घेऊन सत्काराला आली. नवऱ्याने नारळ घेतला, शाल खांद्यावर पडू दिली आणि ते गेल्यावर मला म्हणाला, "तेची गाडी होती गो. आदी तुज्या घराक जावया म्हणान माज्या तोंडातसून आयलाच नाय." मी म्हटलं, तिकडे गोळीबार होता, तुम्ही चौघं गेला असता तर सगळेच गेला असता. मला तर त्या क्षणी तो माणूस, त्याची गाडी, त्याची बायको, काही म्हणजे काही नको होतं. माझा नवरा माझ्या पडवीत बसला होता.

रविवारी दुपारी खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरचा निरोप आला, आवाज रेकॉर्ड केलेला. नवऱ्याला तिथली भाषा कामापुरती येत होती. त्याने तो निरोप तीनदा ऐकला. पिकअपच्या मागोमाग ह्या ड्रायव्हरचा ट्रक होता. ओमडुरमान दोन-तीन तासांवर असताना बंदूकवाल्यांनी एका नाक्यावर गाडी अडवली. त्यांना पिकअप पाहिजे होती. तो म्हणाला, मुलींना आणायला दुसरी गाडी नाही, आणून झाली की घ्या. त्यांनी त्याला तिथेच गोळी घातली. ड्रायव्हरने आणि आणखी दोघांनी रस्त्याच्या कडेला खड्डा खणून त्याला पुरलं. ते झालं होतं सोमवारी. म्हणजे माझा नवरा बंदरावर जहाजाची वाट बघत होता त्याच दिवशी.

नवरा उठून विहिरीकडे गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. मी पहिल्यांदाच त्याला रडताना बघितलं असं म्हणणार नाही, खाण बंद पडली तेव्हाही तो रडला होता. पण तेव्हा तो शिव्या देत रडला होता.

परत आल्यावर म्हणाला, "तिका सांगूक जाय."

सासूबाई म्हणाल्या, "येकटी बायलमनीस ती. दोन चेडवां घेवन थंय बसली आसा. लागीं कोण नाय. तिका अशां फोनार सांगशात?"

"आई, थंय गोळयो चलतत."

"म्हणानच. आयकान पडली तर उखलूक तरी कोण आसा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी सासूबाईंच्या बाजूने बोलले. त्यांचं माझं मीठ-तिखटावरूनही एकमत होत नाही, पण त्या दुपारी झालं. मी म्हटलं, तिचा भाऊ आहे नदीपलीकडे. तो तिच्याजवळ पोचू दे, मग त्याला सांगू आणि तो तिला सांगेल. नवरा म्हणाला, "खरां काय तां सांग, मगे तिचां ती बगीत." मी त्याला म्हटलं, तुम्ही गप बसा, बायकांचं तुम्हाला काय कळतं. हे वाक्य मी शब्दशः आठवून लिहिते आहे, कारण त्या घरात खरं काय ते त्या दिवशी त्याला एकट्यालाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिचा फोन आला. आमच्या घरात रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात मिळते, तिथे मी भिंतीला टेकून उभी होते. चित्र नव्हतं, नुसता आवाज, तोही तुटत-तुटत. मागे काहीतरी धडधडत होतं. तिने आधी माझ्या नवऱ्याची चौकशी केली, पोचला ना, बरा आहे ना. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं काही कळलं का? आठवडा झाला, फोन लागत नाही."

मी विचारलं, "तुझ्याजवळ कोण आहे?"

"मुली आहेत."

मला तेवढं पुरलं. मी म्हटलं, "काळजी करू नकोस. त्याला जरा बरं नाही. वाटेत ताप भरला म्हणून हॉस्पिटलात ठेवलंय. बरा झाला की येईल."

आवाज कापला नाही. मला ते चांगलं जमतं हे सांगितलंच आहे.

तिने एवढा मोठा श्वास सोडला की तो मला इथे ऐकू आला. "येतोय ना पण? नक्की?"

"येतोय."

"मग मी थांबते," ती म्हणाली. तिने दोनदा तिकडचं काहीतरी म्हटलं, देवाचे आभार असावेत, भावाचा नंबर सांगितला आणि फोन तुटला. मी आत आले. सासूबाईंनी विचारलं, "सांगलंस?" मी म्हटलं, बरं नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. आपण एक अवघड काम नीट पार पाडलं असंच मला वाटत होतं. त्या रात्री मला झोपसुद्धा लागली.

दुसऱ्या दिवशी बिया वाळत घालताना माझ्या लक्षात आलं की माझं काय चुकलं. दीर शाळेच्या दारात आला तेव्हा मला पहिल्यापासून शंका होतीच. म्हापसा, हॉस्पिटल, जरा बरं नाही, हे शब्द इथल्या माणसाला पुरतात. ऐकणारा अर्ध्या वाटेवर मनाशी रडून घेतो आणि दारात पोचेपर्यंत तयार झालेला असतो. सांगणाऱ्यालाही ते माहीत असतं. तिला ही आमची तऱ्हा कुठून माहीत असणार. मी ताप म्हटलं, तिने ताप ऐकला. मी येतोय म्हटलं, ती वाट बघत बसली. थांबते म्हणजे कुठे थांबते, कोणाच्या भरवशावर, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

मी फोन लावायला लागले. तिचा बंद, भावाचा बंद. शाळेला सुट्टी होती, मी दिवसभर त्या कोपऱ्यात उभी असायचे. सासूबाई चहा तिथेच आणून द्यायच्या आणि आत जायच्या. मेसेज लिहिला. तुझा नवरा गेला, माझी चूक झाली, मुलींना घेऊन तिथून नीघ. वाचला आणि पुसून टाकला. लेखी मरण कळवायचं तर आणखीच वाईट, असं तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात होतं. कितवीची मुलं वाचतात तो धडा, की माणूस उशिरा शहाणा होतो? असला कुठलाच धडा मी शिकवलेला नाही, पण शिकवला असता तरी मला तो कळला नसता. तीन दिवसांनी मी तो मेसेज पुन्हा लिहिला आणि पाठवला. तो पोचलाच नाही. शेवटपर्यंत त्याच्यापुढे एकच टिक राहिली.

पंधरा-वीस दिवसांनी भावाचा फोन माझ्या नवऱ्याला आला. कंपनीच्या माणसांकडून मेहुण्याचं त्याला कळलं होतं. मग तो कसाबसा नदी ओलांडून बहिणीच्या घरी पोचला होता. तोपर्यंत गल्लीतली जवळजवळ सगळी घरं रिकामी झाली होती. नळ बंद होते आणि पाणी गाढवाच्या गाडीवरून विकायला यायचं. गाडीवाल्याची हाक आली म्हणून धाकटी डबा घेऊन दाराबाहेर गेली आणि तोफेचा गोळा गल्लीत पडला. भाऊ पोचला त्याच्या दोन दिवस आधी. तो मोठीला आणि बहिणीला घेऊन आता उत्तरेकडे निघाला होता, इजिप्तच्या हद्दीकडे.

नवऱ्याने मला हे सगळं सांगितलं. तुझ्यामुळे झालं, असं तो म्हणाला नाही. आजपर्यंत म्हणालेला नाही. त्याने म्हणावं म्हणून मी दोन-तीनदा मुद्दाम भांडण काढलं, तर तो उठून काजूच्या बागेत निघून गेला.

मग एका सकाळी तिचा फोन आला. पाववाला पोदेर नुकताच उंडे देऊन गेला होता, नवरा अंगणात स्कूटर पुसत होता. ती आता हद्दीपलीकडे, इजिप्तमधल्या अस्वानला होती, एका खोलीत भाऊ, त्याची बायको आणि मोठी मुलगी ह्यांच्याबरोबर. आवाज स्वच्छ येत होता. मी धाकटीबद्दल काही बोलायला लागले, तर तिने मला थांबवलं.

"ते आता नको," ती म्हणाली. "मला एक सांग. माझा नवरा कुठल्या दिवशी गेला? भावाला नक्की माहीत नाही. तुझ्या नवऱ्याला ड्रायव्हरने सांगितलं होतं म्हणे."

मी म्हटलं, "कशाला?"

"आमच्यात विधवेने चार महिने दहा दिवस पाळायचे असतात. ते मरणाच्या दिवसापासून मोजतात. माझे किती झाले आणि किती राहिले ते मला कळत नाही."

तिने दुसरं काहीच विचारलं नव्हतं. मी पंधरा दिवस पुढची तारीख सांगितली असती तर सगळं जुळत होतं. आधी ताप, मग हॉस्पिटल, मग मरण. तिलाही पटलं असतं आणि मी कायमची सुटले असते. ती तारीख माझ्या जिभेवर आली होती हे मी नाकबूल करणार नाही. पण ती बाई त्या तारखेपासून बोटं मोजत बसणार होती, एकेक दिवस देवाच्या नावाने पाळणार होती, आणि ते मोजमाप माझ्या थापेवर उभं राहणार होतं. मी पडवीच्या पायरीवर बसले. तिथे रेंज जाते म्हणून लगेच पुन्हा उठले.

"सोमवार," मी म्हटलं आणि खरी तारीख सांगितली.

मग वर्गात पोराचं उत्तर दुरुस्त करावं तशा आवाजात म्हणाली, "नाही, तू चुकतेस. त्याच्या पुढच्या सोमवारी मी तुला फोन केला होता. तेव्हा तो हॉस्पिटलात होता."

"नव्हता. तेव्हा त्याला जाऊन आठ दिवस झाले होते."

"तुला नंतर कळलं."

"नाही. आदल्या दिवशी कळलं होतं."

अंगणातला फडक्याचा आवाज थांबला होता. मी तिला सांगायला लागले, आमच्याकडे असं फोनवर सांगत नाहीत, जवळचं माणूस आधी पोचावं लागतं, मला वाटलं तू एकटी आहेस. पंचवीस वर्षं मी ती भाषा शिकवते आहे, आणि त्या भाषेत हे सगळं बोलताना मला माझीच लाज वाटत होती. तिने मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली,

"मी एकटी नव्हते. शेजारी माझ्या दारात उभे होते. बुधवारी त्यांची बस निघणार होती, आमच्यासाठी तीन जागा धरल्या होत्या. तुझा नवरा येणार नसेल तर आमच्याबरोबर चल, म्हणत होते. तेच विचारायला मी तुला फोन केला होता. तू येतोय म्हणालीस, म्हणून मी त्यांना सांगितलं, तुम्ही जा."

पलीकडे ती बाजूला वळून मुलीशी अरबीत काहीतरी बोलली. कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती परत फोनवर आली आणि म्हणाली, "तारीख पुन्हा एकदा सांग, सावकाश. माझी मुलगी लिहून घेतेय."

मी सावकाश सांगितली.